माजलेली बाग साफ करायला आणि नंतर नीट ठेवायला कुठली अवजारं घ्यावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत नुसतं रान माजलंय, पाय ठेवायला जागा नाही. पहिलं अवजार कुठलं घेऊ?

एक लांब काठी आणि जाड हातमोजे. दुकानात जायच्या आधी एवढंच. कमरेएवढ्या गवताखाली काय दडलंय ते वरून अजिबात कळत नाही, फुटक्या काचा असतात, जुनी तार असते, नळाचं तोंड असतं, एखादा खड्डा असतो, साप किंवा गांधीलमाशांचं पोळंसुद्धा असू शकतं, त्यामुळे गमबूट घालून काठीनं पुढचं गवत हलवत, पाय आपटत सगळीकडे एक चक्कर मारा. चक्कर मारताना बघायचं की जे कापायचंय ते किती जाड आहे, ओलं आहे की वाळलेलं, आणि त्यातलं काय ठेवायचंय. जे ठेवायचंय त्याला लाल कापडाची चिंधी बांधा. हे मी कळकळीनं सांगतोय कारण साफसफाईच्या भरात चांगली जुनी झाडंच जास्त जातात, पानं झडलेला गुलाब आणि कुठलंतरी काटेरी झुडूप लांबून सारखंच दिसतं.

यादी करायची ती या चकरेनंतर. जाडी आणि ओलं-सुकं कळलं की निम्मी खरेदी आपोआप ठरते.

कमीत कमी किती अवजारांत भागेल?

चांगलं सिकेटर (म्हणजे फांद्या छाटायची हातातली कात्री), घडीची करवत, विळा, कुदळ, खुरपं. यांच्याबरोबर दाताळं आणि पाला ओढून न्यायला एक जुनी ताडपत्री, बस. लोक साफसफाईसाठी म्हणून मोठी मोठी मशीन विकत घेतात आणि तिथेच चुकतात असं मला वाटतं, कारण साफसफाई चार दिवसांची असते आणि निगा कायमची. म्हणून रोज हातात येणार त्या वस्तूवर पैसे घाला, म्हणजे सिकेटर, करवत आणि खुरपं यांच्यावर, आणि जे एकदाच लागणार ते भाड्यानं आणा किंवा कुणाकडून दोन दिवस मागून घ्या. चेनसॉ, जमीन उकरायचं टिलर, फांद्यांचा भुगा करायचं मशीन, ही सगळी भाड्याची कामं आहेत.

सिकेटर घेताना बायपास की अॅन्व्हिल?

एकच घेणार असाल तर बायपास. त्यात कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जातात आणि ओली फांदी स्वच्छ कापली जाते. अॅन्व्हिलमध्ये एक धारदार पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसतं, विळीवर भाजी चिरल्यासारखं नाही तर पाटावर सुरी दाबल्यासारखं, त्यानं वाळकी टणक काडी मस्त तुटते पण ओल्या फांदीची साल चेचली जाते आणि चेचलेल्या जागी सडायला सुरुवात होते. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या बागेत वाळकं लाकूड खूप असतं, तिथे अॅन्व्हिलचा उपयोग आहे, पण दुसरं म्हणून.

बायपास वापरताना एक बारीक गोष्ट सांगतो जी बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते. कापायचं पातं झाडाच्या बाजूला ठेवायचं आणि बोथट आकडा तुटून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला. उलटं धरलं तर झाडावर एक चेपलेला खुंट उरतो. कापून झाल्यावर जवळून बघा, कापाची जागा ओली आणि गुळगुळीत असली पाहिजे आणि सालीचा दोरा लोंबत नसला पाहिजे. लोंबत असेल तर धार गेलीये किंवा मधला स्क्रू ढिला झालाय, तो आधी घट्ट करून बघा.

विकत घेताना सुटे भाग मिळतात का हे नक्की विचारा. स्प्रिंग हरवते, पातं झिजतं, आणि ते बदलता आलं तर तेच सिकेटर तुम्हाला खूप वर्षं पुरेल. हात लहान असेल तर लहान साइज घ्या, पूर्ण उघडल्यावर बोटं ताणली जात असतील तर अर्ध्या तासात मनगट धरतं. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळतात आणि खरंच फरक पडतो.

किती जाड फांदीला काय वापरायचं?

साधारण अंगठ्याएवढी, म्हणजे २ सेंटीमीटरपर्यंत सिकेटर. त्याच्यावर ४ सेंटीमीटरपर्यंत लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची कात्री. त्याहून जाड असेल तर करवत. सिकेटर पिळून पिळून, मनगट वळवून जाड फांदी तोडायचा मोह होतो, तो आवरा, त्यानं पाती वाकतात आणि मग दोन पात्यांत कायमची फट पडते. कापायला जोर लागतोय असं वाटलं की तो इशारा समजा आणि पुढचं अवजार उचला.

लॉपर नाही घेतलं तरी चालतं, मी अनेक बागा सिकेटर आणि करवत एवढ्यावर केल्यात. पण काटेरी झुडपाच्या पोटात हात न घालता लांबून कापायचं असेल तर लॉपरसारखं काही नाही.

करवत कुठली, सुताराची चालेल का?

चालेल, पण त्रास होईल. झाडं छाटायच्या करवतीचे दाते ओढताना कापतात, ढकलताना नाही, त्यामुळे डोक्याच्या वरची फांदीही अंगाचा भार टाकून खाली ओढत कापता येते आणि पातळ पातं वाकत नाही. शिवाय दाते मोठे असतात म्हणून ओला भुसा अडकत नाही. घडीची, १८ ते २० सेंटीमीटर पात्याची करवत घरच्या बागेला पुरते.

जड फांदी एकाच कापात कापू नका. आधी खोडापासून हातभर लांब, खालून एक तृतीयांश कापा, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापा म्हणजे फांदी तुटून पडेल, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापा. असं नाही केलं तर फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि बुंध्याची साल खालपर्यंत सोलत नेते. तो कडा मात्र ठेवायचाच, जखम भरून येते ती तिथूनच. शिडीवर चढून एका हातानं करवत चालवायची वेळ येत असेल तर ते काम तुमचं नाही, माहितगार माणूस बोलवा, आणि विजेच्या तारेजवळची फांदी असेल तर कुठल्याच अवजारानं हात लावू नका.

उंच गवताला विळा, कोयता की ब्रश कटर?

जागा लहान असेल, म्हणजे एखाद्या दिवसात हातानं होण्यासारखी, तर विळा. मुठीत गवत धरून बुडाशी ओढायचं, मोकळ्या हाताला जाड मोजा हवाच. कोयता झुडपांना, बोटाएवढ्या वेड्यावाकड्या काड्यांना. कोयता खाली तिरका चालवायचा, सरळ आडवा फिरवला की काडी नुसती लवते. आणि तिरक्या कापाची टोकदार खुंटी उरते ती बुटातून घुसते म्हणून नंतर त्या खुंट्या करवतीनं किंवा सिकेटरनं जमिनीलगत काढून टाकायच्या, हे लोक विसरतात.

जागा मोठी असेल, किंवा हे काम वर्षातून दोन-तीनदा करावंच लागणार असेल, तर ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरणारी दोरी किंवा पातं असलेलं मशीन, घेण्यात अर्थ आहे.

ब्रश कटर पेट्रोलचा की बॅटरीचा?

पेट्रोलचा जोरकस असतो, तास न् तास चालतो, पण आवाज, थरथर, धूर आणि देखभाल सगळंच जास्त. घरगुती कामाला साधारण २५ ते ३५ सीसीचं इंजिन पुरतं, दाट झुडपं असतील तर ४० च्या पुढचं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ५०:१ म्हणजे १ लिटरला २० मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली, तुमच्या मशीनला कुठलं ते माहितीपुस्तकात बघा, अंदाजानं ओतू नका. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, आवाज थोडा कमी, वजन थोडं जास्त. टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा जातो पण मशीन चालू होत नाही, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं.

बॅटरीचा हलका, चालू करायला सोपा, शेजाऱ्यांना त्रास नाही. गवत कापायला आणि नंतरच्या निगेला मला तोच आवडतो. पण दाट ओल्या गवतात बॅटरी भराभर उतरते, एका बॅटरीवर सलग साफसफाई होईल असं धरून चालू नका, दुसरी बॅटरी लागतेच. एकाच बॅटरीवर चालणारी बाकीची अवजारं, जसं हेज ट्रिमर, म्हणजे कुंपणाची झुडपं छाटायचं मशीन, मिळत असतील तर पुढे बराच खर्च वाचतो, तेव्हा पहिली खरेदी करतानाच हा विचार करा.

नायलॉनची दोरी लावू की लोखंडी पातं?

मऊ गवत, भिंतीच्या कडेला, झाडांच्या आजूबाजूला दोरी. हे दोरीचं प्रकरण १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये जॉर्ज बॅलास या माणसाला सुचलं, गाडी धुवायच्या मशीनचे गोल फिरणारे ब्रश बघून, आणि सुरुवातीला त्यानं चक्क पत्र्याच्या डब्याला मासे पकडायची दोरी बांधून प्रयोग केला. साध्या गवताला २.४ मिलीमीटर, जाड दांड्याच्या तणाला ३ मिलीमीटर, पण तुमच्या मशीनला जेवढी झेपते तेवढीच.

दोरीनं झाडाला काही होत नाही हा गैरसमज आहे. कोवळ्या झाडाच्या बुडाशी दोरी फिरली की साल गोल कापली जाते आणि झाड हळूहळू वाळतं. बुंध्याभोवतीचं हातभर गवत हातानंच काढा.

जाड दांडे आणि झुडपं असतील तर तीन दात्यांचं पातं, लाकडी खोडं असतील तर गोल करवतीसारखं पातं. पण पातं लावलं की मशीनचा स्वभाव बदलतो. बहुतेक मशीनमध्ये पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे पात्याची पुढची उजवी बाजू खोडाला लागली तर अख्खं मशीन उजवीकडे जोरात उसळतं. डाव्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे झाडल्यासारखं कापायचं. खांद्याचा पट्टा, पात्याचं कव्हर आणि दोन्ही मुठी धरल्याशिवाय चालू करायचंच नाही.

सेफ्टीचं सामान खरंच एवढं लागतं का?

हो. मला एकदा गवतात लपलेली तार लागली होती, बोटभर तुकडा तुटून पायावरच्या जाड पँटमध्ये रुतला, चेहरा वाचला तो जाळीच्या मास्कमुळे. तेव्हापासून मी मशीन चालू करायच्या आधी दाताळ्यानं जागा चाचपतोच. डोळ्यांना गॉगल आणि वरून जाळी, कानांना मफ, पूर्ण पँट, जाड बूट, आणि आसपास १५ मीटरमध्ये कुणीही नको, मुलं आणि कुत्री तर घरातच. कुणी जवळ आलं की आधी मशीन बंद, मग बोलणं.

हातकामातही काही गोष्टी पाळा. गाजर गवतानं कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं, शेर आणि निवडुंगाच्या काही जातींचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून लांब बाह्या आणि गॉगल हातकामालाही. कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर मातीत हात घालायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

झुडपं मुळासकट कशी काढायची? वरून कापली की परत फुटतात.

फुटणारच. घाणेरीसारखी झुडपं तर कापल्यावर दुप्पट जोमानं फुटतात. इथे बरेच लोक पहिल्याच दिवशी चूक करतात ती म्हणजे बुडाशी कापणं. बुडाशी कापलं की धरायला काही उरत नाही. कमरेएवढा, ६० ते ९० सेंटीमीटरचा दांडा मुद्दाम ठेवायचा, तोच तुमचा तरफेचा दांडा. मग टिकावानं भोवती गोल माती मोकळी करायची, टिकावाच्या रुंद बाजूनं माती, आणि दिसेल ती जाड मुळी जुन्या करवतीनं किंवा कुऱ्हाडीनं तोडायची. नवी करवत मातीत घालू नका, दोन मिनिटांत धार जाते. तीन-चार मुळ्या सुटल्या की दांडा धरून पुढे-मागे हलवा, जिकडून हलत नाही तिकडे अजून एक मुळी आहे. शेवटी खाली पहार घालून दगडावर टेकवून उचला. तो खोड सुटल्याचा कर्रकन् आवाज येतो ना, आख्ख्या साफसफाईतला सगळ्यात समाधानाचा क्षण मला तो वाटतो. जमीन भिजल्यावर एक-दोन दिवसांनी हे करा, कोरड्या टणक जमिनीत दुप्पट कष्ट.

टिलर फिरवून सगळं तण एकदम नाही का निघणार?

हरळी किंवा नागरमोथा असेल तर अजिबात फिरवू नका. हरळीच्या मुळीचा प्रत्येक डोळा असलेला तुकडा नवीन रोप होतो आणि नागरमोथ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, टिलर ती माळ तोडून सगळीकडे पसरवतो. वरून दोन आठवडे बाग सुंदर दिसते आणि मग दसपट उगवतं. इथे गार्डन फोर्क, म्हणजे चार दात्यांचं फावडं, ते खाली घालून माती सैल करा आणि अख्खी मुळी हातानं ओढून काढा, गाठ तुटून खाली राहिली तर खुरप्याच्या टोकानं तिच्यामागे जा. वेळ लागतो पण दुसरा रस्ता नाही.

तणनाशक मारून मोकळं झालं तर?

मेलेलं गवत तरी कापावंच लागतं, त्यामुळे अवजारं सुटत नाहीत. मारणारच असाल तर वारा नसताना, आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा. टू-फोर-डी सारख्या औषधाचा थोडासा अंश पंपात राहिला आणि तोच पंप टोमॅटोवर मारला तर पानं पिळवटून रोपं जातात.

लॉन गुडघ्याएवढं वाढलंय, सरळ मशीन फिरवू?

नको, मॉवर गुदमरेल आणि गवतही पिवळं पडेल. आधी विळ्यानं किंवा ब्रश कटरनं उंची खाली आणा, आणि त्यानंतर एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, मधे काही दिवस जाऊ द्यायचे. लहान लॉनला हातानं ढकलायचं रीळवालं मॉवर खूप छान असतं, १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज माणसानं कापडगिरणीतल्या कापडाचे तंतू छाटायच्या यंत्रावरून जे बनवलं त्याचंच हे आजचं रूप. कात्रीसारखं कापतं, आवाज नाही, पण उंच गवतात ते चालत नाही, ते नंतरच्या निगेचं.

धार घरी लावता येते का, की दुकानातच द्यावी?

घरीच लावा, आणि हे शिकल्याशिवाय नवीन काही विकत घेऊ नका असं मी म्हणेन. बोथट कोयता धारदार कोयत्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण जोर जास्त लागतो आणि जोर लागला की तो सटकतो.

कोयता, कुदळ, फावडं यांना सपाट कानस. अवजार शिकंज्यात घट्ट धरा, मोजा घाला आणि कानस एकाच दिशेनं पुढे ढकला, मागे आणताना उचला. घासत मागे ओढली तर कानसच बोथट होते. पात्याला जो मूळ उतार आहे त्याच्यावरच कानस टेकवायची, नवीन कोन काढायचा नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर मागच्या बाजूनं हळूच अंगठा बाहेरच्या दिशेनं फिरवून बघा, बारीक खरखर लागते, ती धारेवर वळलेली लोखंडाची कड, ती मागून एकदा सपाट घासून काढून टाकायची. फावड्यालाही धार लावतात हे ऐकून लोक चकित होतात पण एकदा लावून बघा, मुळ्या चरचर कापत जाईल. फक्त ती जाडसर, साधारण ४५ अंशांची ठेवा.

बायपास सिकेटरला एकाच बाजूनं धार असते, उतार असलेली बाहेरची बाजू, साधारण २० ते २५ अंश, तिथे बारीक धारेचा दगड किंवा डायमंडची पट्टी पुरते. सपाट बाजू फक्त खरखर काढण्यापुरती, नाहीतर दोन पात्यांत फट पडते आणि पान कापायच्या ऐवजी दुमडतं.

घरात जुनी गंजलेली अवजारं पडलीत, टाकून देऊ?

मुळीच नको! जुनं लोखंड बरेचदा उत्तम असतं. लाकडी दांडा काढून लोखंड रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच पुसून पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. धुऊन तसंच ठेवलं तर तासाभरात नारिंगी होतं. दांडा उभा चिरला असेल किंवा पोखरला असेल तर तो मात्र बदलाच, आणि नवीन दांडा निवडताना लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जाताहेत ना ते बघा, मधेच बाहेर वळले असतील तर तिथेच मोडणार. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल लावलं की तडकत नाही. ते तेल पुसलेला बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा, तो आपोआप पेट घेऊ शकतो.

कंबर, गुडघे दुखतात, मग कुठली अवजारं?

लांब दांड्याची. उभ्यानं चालवायचं ढकलखुरपं आणि पाठ सरळ राहील एवढ्या उंचीचा दांडा, साधारण छातीपर्यंत येणारा. बसून करायच्या कामाला गुडघ्याखाली जाड फोमचा तुकडा. आणि पाला भरभरून घमेली उचलण्यापेक्षा ताडपत्रीवर गोळा करून ओढा, यानं पाठीचा त्रास जितका वाचतो तितका कुठल्याच महागड्या अवजारानं वाचत नाही.

एवढा पाला निघाला, त्याचं काय?

बी न धरलेलं गवत आणि पानं कंपोस्टला किंवा आच्छादनाला. रिकाम्या झालेल्या जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर ५ ते १० सेंटीमीटर पाल्याचा थर द्या, झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं लांब, म्हणजे निम्म्याहून जास्त तण डोकंच वर काढत नाही. नागरमोथा मात्र पुठ्ठा भेदून येतो. त्याच्या गाठी आणि हरळीच्या मुळ्या कंपोस्टमध्ये टाकू नका, आधी उन्हात पार कडकडीत वाळवा.

साफ झाल्यावर रोजच्या निगेला काय लागतं?

खुरपं, सिकेटर, दाताळं. आठवड्यातून एकदा, तण दोन पानांवर असतानाच खुरपं नुसतं वरवर फिरवायचं, खोल नाही, खोल गेलं की खालचं जुनं बी वर येऊन रुजतं. कोरड्या दिवशी सकाळी केलं तर उपटलेलं तण दुपारपर्यंत उन्हानंच मरतं. रोगट फांदी कापली तर पुढच्या झाडाला हात लावायच्या आधी सिकेटरचं पातं ७० टक्के अल्कोहोलनं पुसा.

काम संपलं की अवजारं कशी ठेवावी?

माती झाडून, चीक लागला असेल तर स्पिरिटनं पुसून, पात्यावर तेलाचा थेंब फिरवून, भिंतीला टांगून, जमिनीवर उभी करून नाही. दाताळं कधीही दाते वर करून गवतात ठेवू नका. आणि सिकेटर, खुरपं, करवत यांच्या मुठींना भडक लाल किंवा नारिंगी टेप गुंडाळा, कारण हिरव्या मुठीचं सिकेटर पाल्याच्या ढिगात पडलं की ते पुढच्या वर्षी कंपोस्ट उपसतानाच सापडतं.